न पाहिलेल्या हिमनदीचा तास

मॅडम, आज दुपारच्या तासाला एका मुलीनं मला विचारलं, की तुम्ही पहिल्यांदा हिमनदी कुठं पाहिलीत. मी लाहौलमधल्या एका दरीचं नाव सांगितलं आणि फळ्याकडे वळले. उत्तर बरोबर होतं, तरी घरी आल्यावरही ते टोचत राहिलं. कारण पहिली हिमनदी मी पाहिली ती ओतूरला, कॉलेजच्या मागच्या पटांगणात, सायकल स्टँडच्या शेजारी. ती तुम्ही नारायणगावच्या बर्फाच्या कारखान्यातून टेम्पोत घालून आणली होती. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झालीत, की इथं पुण्यात माझ्या वर्गातल्या कुणाला तुम्ही माहीत असण्याचा प्रश्नच नाही. त्या मुलीला हे सगळं सांगत बसले असते तर तास संपला असता. म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. मी राजुरीहून रोज एस.टी.नं यायचे, खिडकीतली जागा मिळाली तर खूश, नाही मिळाली तर दाराशी उभी. तुम्ही आम्हाला प्राकृतिक भूगोल शिकवायचात. नदीचं कार्य, वाऱ्याचं कार्य इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं, कारण नदी आणि वारा आमच्या ओळखीचे होते. मग हिमनदीचं प्रकरण आलं. हिमोढ म्हणजे हिमनदीनं वाहून आणून टाकलेल्या दगडमातीचा बांध, हिमगव्हर म्हणजे तिनं डोंगरात कोरलेली खुर्चीसारखी जागा, असं तुम्ही सांगत होतात आणि आम्ही उतरवून घेत होतो. मागच्या बाकावरून एकजण उठला आणि म्हणाला, "मॅडम, आपल्याकडं बर्फ फक्त रसवंतीत असतो. ह्ये शिकून आमी काय करायचं?" सगळा वर्ग हसला. दुसऱ्या कुणी शिक्षकांनी त्याला बाहेर काढलं असतं. तुम्ही खडू खाली ठेवलात, जरा विचार केलात आणि म्हणालात, "प्रश्न बरोबर आहे. मला थोडे दिवस दे."

पुढच्या आठवड्यात ती लादी आली. भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेली, पाणी ठिबकत असलेली. तुम्ही कारखान्यात आधीच जाऊन साच्याच्या तळाशी नदीतली खडी टाकायला लावली होती. मालकाला वाटलं होतं, बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय. पटांगणात तुम्ही एका मोडक्या बाकाची फळी ठेवलीत, निळा ऑइलपेंट दिलेली, आणि दोन पोरांना दोरी धरून लादी तिच्यावरून हळूहळू ओढायला लावलीत. करकर असा आवाज मला अजून ऐकू येतो. लादी पुढं सरकली, तेव्हा निळ्या रंगावर एकाच दिशेनं गेलेले पांढरे ओरखडे उमटले होते, शेतात पाभर फिरवल्यासारखे. "हिमनदी एवढंच करते," तुम्ही म्हणालात. "फक्त तिला घाई नसते." शिपाईमामा शेजारी उभे होते. ते म्हणाले, "मॅडम, खडी नसती घातली तं समद्यांना सरबत झालं असतं." तुम्ही पण हसलात.

मग तुम्ही विचारलंत, समजा तुम्ही लादी बघितलीच नाही, फक्त फळी मिळाली, तर बर्फ कुठून कुठं गेला ते सांगाल का? पुष्कळ हात वर झाले. मी फळीजवळ बसले होते. ओरखड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "दोन्हीकडून असू शकतं." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तोपर्यंत मी तुमच्यासाठी हजेरीतला एक नंबर होते, असं मला वाटतं. "मग कसं ठरवायचं?" तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, माहीत नाही. तुम्ही म्हणालात, "पुस्तकात लिहिलंय ते मी सांगू शकते. पण मी स्वतः हिमनदी पाहिलेली नाही. बर्फ पडतानासुद्धा पाहिलेला नाही." एखादा शिक्षक आपल्याला एखादी गोष्ट ठाऊक नाही असं इतक्या सहज सांगू शकतो, हे मला नवीन होतं. घरी जाताना एस.टी.त मी तेवढाच विचार करत होते.

त्याच वर्षी तुम्ही आम्हाला कुकडीच्या काठावर नेलंत. नदीनं कापलेल्या दरडीत मातीच्या थरांमध्ये एक फिकट, पिठासारखा थर दिसत होता. ती राख आहे, फार लांबच्या एका ज्वालामुखीची, आणि ती इथं पडली तेव्हा पृथ्वीवर बर्फाचा काळ चालू होता, असं तुम्ही सांगितलंत. आम्ही आपले आजूबाजूला बर्फ शोधू लागलो. "इथं बर्फ नव्हता रे," तुम्ही म्हणालात. "तिकडं हिमालयात बर्फ वाढला की इकडं पाऊस उणा व्हायचा. नदी थकून जायची, गाळ टाकून द्यायची. राखेच्या वरखालची ही माती त्या थकलेल्या नदीची आहे." काठावर भांडी घासत असलेली एक आजी आमचं ऐकत होती. ती म्हणाली, "राख हाय व्हय ती? भांडी लई झ्याक निघत्यात तिनं." तुम्ही तिच्याकडून चिमूटभर घेऊन बोटांत चोळून पाहिलीत आणि आम्हाला पण चोळून बघायला लावलीत. आज माझं सगळं काम तुमच्या त्या बर्फाच्या आणि पावसाच्या वाक्याच्या आसपास फिरतं. तिकडचा बर्फ कुठपर्यंत आला होता ते कळलं, तर इकडचा पाऊस कसा होता याचा अंदाज बांधता येतो. मी हे मोठ्या सभागृहांमधून सांगते, चित्रं दाखवून. तुम्ही ते नदीकाठी, पदर खोचून सांगितलं होतं.

बी.ए. झाले आणि घरात स्थळाची बोलणी सुरू झाली. मुलगा भोसरीला कंपनीत होता, माणसं चांगली होती, नाही म्हणायला काही कारण नव्हतं. मी तुमच्याकडे येऊन रडले नाही. फक्त निकाल दाखवायला आले आणि एम.ए.चा विषय निघाल्यावर गप्प बसले. पुढच्या रविवारी तुम्ही राजुरीला आलात. आमचं गुऱ्हाळ चालू होतं, अण्णा चुलवाणाजवळ होते, म्हणून तुम्ही घरी न जाता सरळ तिथंच आलात. अण्णांनी तुम्हाला रस दिला, बसायला बाज टाकली. "मॅडम," ते म्हणाले, "आमच्या घरात एवढं कुणी शिकलं न्हाई. पोरीनं नाव काढलं. पन आता चांगलं स्थळ आलंय. अजून दोन वर्सं दगडं बघत बसली तं पुढं काय करनार ती?"

तुम्ही उत्तर द्यायला तोंड उघडलंत आणि त्याच वेळी गुळव्यानं उकळत्या रसाची काहील कलती केली. पाक गूळ थंड करायच्या वाफ्यात सुटला. तुमचं लक्षच उडालं. तुम्ही बाजेवरून उठलात, वाफ्यापाशी जाऊन वाकलात आणि मला हाक मारलीत. "बघ, मधला भाग पुढं जातोय, कडा मागं राहतायत. आणि ह्या सुरकुत्या बघ." मीही वाकले. हिमनदी अशीच चालते, मध्ये वेगानं, काठाला अडखळत, हे आम्ही वर्गात शिकलो होतो, पण ते असं दिसेल असं कधी मनात आलं नव्हतं. आम्ही दोघी पाक घट्ट होईपर्यंत बघत आणि बोलत राहिलो. मान वर केली तेव्हा अण्णा आमच्याकडे बघत उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. पुढं कधीतरी ते आईला म्हणाले होते, मी एवढी वर्सं गूळ काढतोय, पन त्या दोघी असं बघत व्हत्या की मलाच वाटलं, माझं काय बघायचं राहिलं.

तुम्ही परत बाजेवर बसलात. म्हणालात, "पुढं ती काय करेल ते मला सांगता येणार नाही. खोटं कशाला बोलू. पण तिला पडतात ते प्रश्न मला इतकी वर्षं शिकवूनसुद्धा पडले नाहीत. एवढं सांगायला आले." अण्णांनी चुलवाणात चिपाडं सारली. मग म्हणाले, "पाव्हन्यांना काय सांगू?" तुम्ही म्हणालात, "माझं नाव सांगा. म्हणावं, मॅडमनं बिघडवली." दुपारी तुम्ही घरी जेवायला थांबलात. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं तुम्हाला एकच विचारलं, "पुन्यात ऱ्हायाची सोय कशी?" तुम्ही होस्टेलचं सगळं सांगितलंत, जेवणाचं, दाराला कुलूप कधी लागतं त्याचंसुद्धा. आईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "मग जाऊ द्या तिला." अण्णांनी तिच्याकडे पाहिलं आणि ताटात आमटी वाढून घेतली. ठरलं ते असं ठरलं.

एम.ए. संपवून मी संशोधनाला लागले आणि पहिल्यांदा हिमालयात जायची वेळ आली. निघण्याआधी तुम्हाला भेटायला ओतूरला आले. तुमच्या दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत खाटेवर तुमची आई, अर्धांगानं निजलेली. तुम्ही त्यांना पेज भरवत होतात. भरवून झाल्यावर तुम्ही आतून एक खोकं आणलंत. त्यात डांबराच्या गोळ्यांचा वास येणारे चामड्याचे बूट होते, डोंगरात घालायचे, एकदाही न घातलेले. तेव्हा तुम्ही मला पहिल्यांदा सांगितलंत, की तुमचं स्वतःचं जायचं ठरलं होतं. तिकीट काढलेलं, बूट घेतलेले, आणि त्याच आठवड्यात आईला झटका आला. पुढं ओतूरला जागा निघाली, आईला घेऊन तुम्ही इथं आलात. मी विचारलं, वाईट वाटलं का? "वाटलं," तुम्ही म्हणालात. "पुढं वाटायचं कमी झालं. बूट बघ, होतात का."

झाले कसेबसे. पण इतकी वर्षं खोक्यात राहून त्यांचा डिंक सुकला होता. चढणीच्या दुसऱ्याच दिवशी उजव्या बुटाचा तळ सुटला. मी तो सुतळीनं बांधला आणि तशीच फटक फटक वाजवत बर्फापर्यंत पोचले. परत आल्यावर तुम्हाला भीतभीतच सांगितलं. तुम्ही इतक्या हसलात की डोळ्यांतून पाणी आलं आणि खाटेवरून तुमच्या आईनं हातानं विचारलं, काय झालं. तुम्ही त्यांना मोठ्यानं सांगितलंत, "आई, माझे बूट पोचले." त्याही तोंडाच्या एका बाजूनं हसल्या.

आता तुम्ही माझ्यावर रागावलात त्याबद्दल. दोन हजारच्या पुढची ती वर्षं. माझा प्रबंध निम्म्यावर आला होता. एका दरीत खूप खाली मला दगडांचा मोठा बांध सापडला होता. तो हिमोढ आहे, म्हणजे जुन्या काळी बर्फ तिथपर्यंत उतरला होता, असं मी ठरवलं होतं. माझ्या मार्गदर्शकांना ते आवडलं होतं, कारण इतक्या खाली बर्फ आला असं कुणी म्हटलं नव्हतं. तुम्ही मला कॉलेजात बोलायला बोलावलंत. मी पडद्यावर चित्रं दाखवली, ठासून बोलले, पोरांनी टाळ्या वाजवल्या. अण्णा राजुरीहून आले होते, मागं उभे राहून ऐकत होते. तुम्ही आभार मानलेत, चहा दिलात. सगळे गेल्यावर व्हरांड्यात मला थांबवलंत. तुम्ही मूळच्या शिनोलीच्या. एरवी प्रमाण भाषेत बोलायचात, पण राग आला की गावची भाषा बाहेर यायची. "तू ते बघितलं व्हतंस," तुम्ही विचारलंत, "का आधीच ठरवून गेली व्हतीस?"

मला अपमान वाटला. मी म्हणाले, मॅडम, तुम्ही तिकडं गेलेल्या नाहीत. शब्द तोंडातून गेल्यावर कळलं, की काय बोलले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "न्हाई गेले. म्हणून तर विचारते. उद्या सकाळी घोडेगावच्या स्टँडवर ये."

दुसऱ्या दिवशी आपण भीमाशंकरच्या गाडीत बसलो, शिनोलीच्या पुढं उतरलो आणि पायवाटेनं चढलो. तुम्हाला धाप लागत होती, दर वळणावर थांबायला लागत होतं. वर एका भातखाचराच्या मागं दगडांचा मोठा ढीग पसरला होता. खाचराची बांधबंदिस्ती करणारा एक माणूस तुमच्या ओळखीचा निघाला. "वरचा कडा खाली बसला व्हता," तो म्हणाला, "आमच्या आज्याच्या वक्ताला." तुम्ही मला ढिगात बसवलंत आणि म्हणालात, आता नुसतं बघ. मी बघत राहिले. बऱ्याच वेळानं दिसलं. एक मोठा दगड फुटला होता, पण त्याचे तुकडे शेजारी शेजारीच होते, एकमेकांत बसतील असे, भाकरी मोडून ताटात ठेवावी तसे. तुकड्यांच्या कडा धारदार. बर्फ दगडाला असं ठेवत नाही. तो ओढतो, घासतो, तुकडे लांब लांब नेऊन टाकतो. "तुझ्या चित्रात," तुम्ही म्हणालात, "डाव्या बाजूला असाच एक दगड मला दिसला. मला काही माहीत नाही. मी फक्त विचारते."

त्या उन्हाळ्यात मी परत त्या दरीत गेले. मार्गदर्शक नाराज होते, म्हणाले, लिहून मोकळी हो. तिथं गेल्यावर मी बांधावर बसले आणि ठरवल्याप्रमाणे नुसतं बघितलं. तुकडे शेजारी शेजारी होते. एकच नव्हे, जिकडे तिकडे. तो हिमोढ नव्हता, वरच्या कड्याची दरड होती. प्रबंधातलं सगळ्यात चांगलं प्रकरण गेलं आणि त्याच्याबरोबर वर्ष गेलं. खाली केलाँगला येऊन मी एस.टी.डी. बूथवरून तुम्हाला फोन लावला. "मॅडम, दरड आहे." मग तुम्ही म्हणालात, "बरं झालं." मी म्हणाले, काय बरं झालं, माझं वर्ष गेलं. "जाऊ दे," तुम्ही म्हणालात. "नाहीतर तुझ्यामागून येणारी पोरं तिथं नसलेला बर्फ मोजत बसली असती." बूथवाला मीटरकडे बोट दाखवत होता. मी फोन ठेवला आणि बाहेर पायरीवर बसून रडले, आणि मग मला एकदम हलकं वाटलं. ते वर्ष गेलं त्याचं मला आज काही वाटत नाही. त्या वर्षानंतर मी कुठल्याही दगडाला त्याचं नाव आधी सांगितलेलं नाही.

खरा हिमोढ त्या दरीत बराच वर सापडला. तिथला एक ओरखडे पडलेला दगड मी तुमच्यासाठी आणला. तोपर्यंत तुमची आई गेली होती आणि तुमच्या हृदयाचं दुखणं वाढलं होतं. मी म्हणाले होते, आता चला माझ्याबरोबर, रस्त्यावरूनसुद्धा बर्फ दिसतो. तुम्ही म्हणालात, डॉक्टर जिना चढू देत नाहीत आणि तू हिमालय म्हणतेस. तो दगड तुम्ही मांडीवर घेतलात, डोळे मिटून त्यावरून बोटं फिरवलीत. बराच वेळ. मी स्वयंपाकघरात जाऊन आपल्या दोघींचा चहा केला, तुमच्या फडताळातली साखर शोधली, आणि परत आले तरी तुमची बोटं तशीच फिरत होती.

तुम्ही गेलात तेव्हा मी वर होते, जिथं फोन लागत नव्हता. खाली आल्यावर आईनं सांगितलं. दहावासुद्धा होऊन गेला होता. अण्णा गेले होते त्याला, ओतूरला, सकाळच्या पहिल्या गाडीनं. "तुझ्या वतीनं गेलो व्हतो," ते फोनवर म्हणाले, आणि मग म्हणाले, "माझ्या पण." कावळा लगेच शिवला, असंही त्यांनी सांगितलं. त्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, तुमचा तर मुळीच नव्हता, पण ते ऐकून मला बरं वाटलं होतं.

लोक विचारतात तेव्हा मी सांगते, की मी माझ्या मॅडमचं राहिलेलं काम करते. सत्कारात, भाषणात हे वाक्य चांगलं दिसतं, समोरचे मान डोलावतात. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, तेव्हा इथं खरं लिहायला हरकत नाही. बर्फावर असते तेव्हा मला तुमची आठवण येत नाही, मॅडम. एकदाही येत नाही. थंडीनं नाक गळत असतं, हात कामात असतात, दगड समोर असतो आणि मी इतकी आनंदात असते की दुसरं कुणी मनात मावत नाही.